एनएफएल टीमचा जीएम: पडद्यामागच्या या चुका टाळा

१५ मार्च २०१३ ची दुपार. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या डेन्व्हर ब्राँकोस या टीमचं सगळं घोडं एका फॅक्सवर येऊन अडलं होतं. एल्व्हिस ड्युमर्व्हिल हा त्यांचा नावाजलेला पास रशर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा खेळाडू. त्याचा त्या वर्षीचा पगार होता १ कोटी २० लाख डॉलर, आणि दुपारी दोनच्या ठोक्याला तो पक्का होणार होता. म्हणजे नंतर त्याला काढलं तरी पैसे द्यावेच लागणार. टीमला तो आकडा ८० लाखांवर आणायचा होता. बोलणी ताणत ताणत अगदी कडेला गेली. ड्युमर्व्हिलने होकार दिला तेव्हा हातात जेमतेम अर्धा तास उरला होता. सही केलेला कागद फॅक्सने पोहोचला, पण वेळ टळून काही मिनिटं झाली होती. पूर्ण पगार गळ्यात पडू नये म्हणून ब्राँकोसने त्याला मोकळं केलं.

करार दोन्ही बाजूंना हवा होता, तरी तो झाला नाही. थोड्याच दिवसांत ड्युमर्व्हिल बाल्टिमोर रेव्हन्सकडे गेला, आणि २०१४ च्या सीझनमध्ये तिथे त्याने १७ सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं.

जनरल मॅनेजरबद्दल, म्हणजे टीम बांधणाऱ्या जीएमबद्दल, बोलताना आपण नेहमी नजरेबद्दल बोलतो. कोणता खेळाडू हेरला, कोणता हुकला. नजर लागतेच. पण गाजलेल्या चुका एकेक करून बघितल्या की माझं मत पक्कं होत जातं: बहुतेक वेळा नजर बरी होती, निवांत दिवसांत मिटवायची गोष्ट शेवटच्या तासापर्यंत उघडी राहिली होती. फुटबॉल ऑपरेशन्समध्ये जायचं ठरवलेल्यांनी, स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकणाऱ्यांनी आणि हे काम आतून समजून घ्यायचं असणाऱ्या प्रत्येकाने या चुका नीट पाहून ठेवाव्यात.

घड्याळ आपल्या बाजूने आहे असं समजणं

ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमनी कॉलेजचे नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या कार्यक्रमात, प्रत्येक टीमला निवडीसाठी ठरावीक मिनिटं मिळतात. २००३ साली पहिल्या फेरीत १५ मिनिटं मिळायची. त्या वर्षी सातवा नंबर मिनेसोटा व्हायकिंग्सचा होता. त्यांची रेव्हन्सशी पिकच्या, म्हणजे निवडीच्या हक्काच्या, अदलाबदलीची बोलणी चालू होती. अदलाबदल पक्की व्हायला दोन्ही टीमनी लीगच्या टेबलाला फोन करून सांगावं लागतं. ते झालं नाही, मिनिटं संपली, आणि मागे उभ्या असलेल्या टीमना रस्ता मोकळा झाला. जॅक्सनव्हिलने बायरन लेफ्टविचला घेतलं, कॅरोलायनाने जॉर्डन ग्रॉसला. व्हायकिंग्सचं नाव नवव्या क्रमांकावर लागलं. त्यांनी केव्हिन विल्यम्सला घेतलं आणि तो पुढे फार मोठा डिफेन्सिव्ह टॅकल झाला, त्यामुळे नुकसान झाकलं गेलं. पण दोन नंबर घसरून हवा तोच माणूस मिळणं हे नशीब होतं, त्याला पद्धत म्हणता येणार नाही.

आठ वर्षांनी, २०११ मध्ये, असंच पुन्हा घडलं आणि या वेळीही एका बाजूला रेव्हन्सच होते. शिकागो बेअर्सशी २६ व्या नंबरचा सौदा ठरला होता. रेव्हन्सनी आपल्या बाजूने लीगला कळवलं, शिकागोकडून लीगला फोन गेलाच नाही. वेळ संपली, कॅन्सस सिटी चीफ्सनी मधेच आपला खेळाडू घेतला आणि रेव्हन्स २७ व्या नंबरवर गेले. शिकागोच्या जीएमना जाहीर माफी मागावी लागली.

उपाय साधा आहे, म्हणूनच तो राहून जातो. लीगला फोन करायचं काम एकाच माणसाचं असावं आणि खोलीतल्या सगळ्यांना त्याचं नाव माहीत असावं. ‘कुणीतरी कळवा रे’ असं म्हटलं की कुणीच कळवत नाही. दुसरं, आपली वेळ सुरू होण्याआधीच ‘सौदा फिसकटला तर कोण?’ हे नाव कागदावर लिहून ठेवायचं. दोन मिनिटं उरली की सौद्याचा नाद सोडायचा आणि ते नाव पाठवून द्यायचं.

हाच घोटाळा कागदपत्रांतही होतो. ३१ ऑक्टोबर २०१७ ला ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत संपत असताना क्लीव्हलंड ब्राउन्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांच्यात क्वार्टरबॅक ए. जे. मॅकॅरनचा सौदा ठरला. मॅकॅरनच्या बदल्यात ब्राउन्सना दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे पिक द्यायचे होते. पण क्लीव्हलंडकडची कागदपत्रं मुदतीत लीगकडे रीतसर पोहोचली नाहीत, आणि लीगने सौदा मानला नाही. दुपारी चारची मुदत असेल तर ऑफिसची मुदत दोनची ठेवा. एजंट कितीही ताणू दे, आपल्या बाजूचा मसुदा आदल्या रात्रीच तयार हवा, आकड्याची जागा तेवढी रिकामी ठेवून.

बोनस म्हणजे फुकटची जागा असं मानणं

सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंवर टीमने वर्षाला करायच्या खर्चाची मर्यादा, १९९४ साली आली. तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख. आकडा एवढा वाढला तरी दरवर्षी मार्चमध्ये काही टीमच्या तोंडचं पाणी पळतंच, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा करारावर सही करताना मिळणाऱ्या साइनिंग बोनसमध्ये असतं.

हिशोब जवळून बघू. समजा पाच वर्षांचा करार आहे आणि साइनिंग बोनस २ कोटी. पैसे खेळाडूच्या खात्यात लवकर जातात, पण कॅपच्या वहीत ते पाच वर्षांवर पसरतात, दरसाल ४० लाख. आता दोन सीझननंतर त्याला काढलं. वहीत अजून तीन वर्षांचे १ कोटी २० लाख बाकी आहेत, ते एकदम त्या वर्षाच्या खात्यावर येऊन बसतात. खेळाडू गेला, त्याचं कपाटसुद्धा दुसऱ्याला दिलं, पण त्याच्या नावाचा खर्च आपल्याच कॅपवर. यालाच डेड मनी म्हणतात.

करार फिरवून लिहिण्याचंही तेच. खेळाडूचा यंदाचा पगार १ कोटी ६० लाख आहे आणि कराराची, यंदाचं धरून, तीन वर्षं उरली आहेत. त्यातले दीड कोटी बोनसमध्ये बदलले की दरसाल ५० लाख पडतात. यंदाचा बोजा १ कोटी ६० लाखांवरून ६० लाखांवर येतो. आज १ कोटी वाचले, पण पुढच्या दोन्ही वर्षांवर ५०-५० लाख चढले. हे ऋण काढून सण साजरा करणं झालं. संघ खरंच किताबाच्या उंबरठ्यावर असेल तर मी याला चूक म्हणणार नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा बत्तीस वर्षांच्या, पाय थकलेल्या खेळाडूच्या करारावर हे केलं जातं, कारण त्याला काढणंच मग परवडत नाही.

यातलं सगळ्यात मोठं उदाहरण पुन्हा डेन्व्हरचंच. मार्च २०२२ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक रसेल विल्सनसाठी दोन पहिल्या फेरीचे पिक, दोन दुसऱ्या फेरीचे, आणखी एक पिक आणि तीन खेळाडू दिले. त्या सप्टेंबरात, ब्राँकोससाठी तो एकही सामना खेळण्याआधी, त्याला करारात पाच वर्षांची आणि साडेचोवीस कोटी डॉलरची वाढ दिली. त्याचा जुना करार अजून दोन वर्षं चालणार होता, घाई कशाचीच नव्हती. मार्च २०२४ मध्ये त्याला सोडलं तेव्हा दोन वर्षांत मिळून साधारण साडेआठ कोटींचा डेड मनी अंगावर आला, त्यातले ५ कोटी ३० लाख एकट्या २०२४ चे. त्या वर्षीच्या कॅपचा पाचवा हिस्सा टीममध्ये नसलेल्या माणसावर! तरीही टीम त्या सीझनमध्ये प्लेऑफला गेली, कारण ड्राफ्टमधून घेतलेला बो निक्स हा क्वार्टरबॅक रुकी, म्हणजे नवख्या खेळाडूच्या, कराराच्या स्वस्त पगारात खेळत होता. खड्ड्यातून निघायची वाट हीच असते.

कॅप ओलांडली आहे आणि मार्चमध्ये सुरू होणारं नवं लीग वर्ष चार आठवड्यांवर आलं आहे, अशा वेळी काय करायचं? आधी प्रत्येक मोठ्या करारापुढे दोन आकडे मांडा: ठेवला तर किती, काढला तर किती. ज्याच्या बाबतीत काढल्याने खरी बचत होते त्याच्याबद्दल कोचशी आज बोला, मुदतीच्या आदल्या दिवशी नको. १ जूननंतरची सुटका दाखवून डेड मनी दोन वर्षांत विभागता येतो, पण मार्चमध्ये ही सवलत दोनच खेळाडूंना लावता येते आणि कॅपमधली ती जागा जूनपर्यंत मोकळी होत नाही. करार फिरवायचेच असतील तर जे तीन वर्षांनीही संघात हवे आहेत त्यांचेच फिरवा. आणि ऑफ सीझनमध्ये फक्त सगळ्यात महागडे ५१ करार मोजले जातात, हे विसरू नका. सीझन सुरू झाला की सगळेच मोजले जातात, आणि जखमी खेळाडूंच्या जागी घ्यायच्या माणसांसाठीही पैसे लागतात.

आयत्या वेळी बोर्ड पुसणं

खेळाडू हेरणारे स्काउट वर्षभर गावोगावच्या कॉलेजांत फिरतात, प्रत्येक खेळाडूला दोन-तीन जण स्वतंत्रपणे बघतात, फेब्रुवारी ते एप्रिल बैठका होतात आणि शेवटी भिंतीवरच्या बोर्डवर खेळाडूंचा एक क्रम लागतो. मग ड्राफ्टच्या रात्री मालक किंवा कोच म्हणतो, ‘आपल्याला रनिंग बॅक हवाय, तो घ्या.’ वर्षभराचं काम त्या एका वाक्याने पुसलं जाऊ शकतं.

१९९६ मध्ये रेव्हन्सचा पहिलाच ड्राफ्ट होता आणि चौथा नंबर. टीमला रनिंग बॅकची गरज होती, मालक आर्ट मॉडेल यांचा कल लॉरेन्स फिलिप्सकडे होता. ओझी न्यूसम तेव्हा खेळाडू विभाग सांभाळत होते, जीएम हे पद त्यांना २००२ मध्ये मिळालं. त्यांच्या बोर्डवर वर होता जॉनथन ऑग्डन, तोही लेफ्ट टॅकल, जी जागा टीमकडे भरलेली होती. न्यूसम बोर्डला धरून राहिले. ऑग्डन पहिलं वर्ष गार्ड म्हणून खेळला, आणि त्याच रात्री २६ व्या नंबरवर रे लुइसही आला. दोघंही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. फिलिप्सला सेंट लुइस रॅम्सनी सहाव्या नंबरवर घेतलं आणि १९९७ मध्येच सोडून दिलं.

मालकाचं काय, ते ऐकलंच पाहिजे की! जरूर ऐका, पण मार्चमध्ये. बोर्ड लागत असताना मालकाला आणि हेड कोचला खोलीत बसवा, वाद तिथेच होऊ द्या, आणि क्रम ठरला की त्यांच्याकडून त्याला संमती घ्या. न्यूसम यांना त्या रात्री आपल्या म्हणण्यावर ठाम राहता आलं, आणि मॉडेलनी त्यांना तसं राहू दिलं. या दुसऱ्या गोष्टीचं मोल मला पहिलीइतकंच वाटतं.

डॉक्टरचा रिपोर्ट एकाच बाजूने वाचणं

२००६ मध्ये क्वार्टरबॅक ड्रू ब्रीसच्या उजव्या खांद्याची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. त्याला घेऊ पाहणाऱ्या मायामी डॉल्फिन्सच्या डॉक्टरांना तो खांदा भरवशाचा वाटला नाही. त्यांनी दुसऱ्या फेरीचा पिक देऊन डॉन्टे कल्पेपर या दुसऱ्या क्वार्टरबॅकला आणलं. पण कल्पेपरचा गुडघाही आदल्या सीझनमध्येच फाटलेला होता! तो मायामीसाठी चार सामने खेळला. ब्रीस न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेला आणि २००९ च्या सीझनचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. तो सामना झाला तोही मायामीच्याच स्टेडियममध्ये.

डॉक्टर चुकीचे होते असं मी म्हणणार नाही, धोका खराच होता. चूक तुलनेत होती. ‘याचा धोका किती’ एवढंच विचारून भागत नाही. ‘याला सोडून ज्याला घेतोय त्याचा धोका किती’ हेही त्याच कागदावर, त्याच डॉक्टरांकडून लिहून घ्यायला हवं. मतभेद असेल तर बाहेरच्या सर्जनचं मत आधीच मागवा. त्याला दिवस लागतात, आणि फ्री एजन्सीच्या, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या खुल्या बाजाराच्या, पहिल्या तासांत तुमच्याकडे दिवस नसतात.

आपल्या माणसांना नियम न सांगणं

२०२४ मध्ये अटलांटा फाल्कन्सनी कर्क कझिन्सला घेतलं. स्वागताच्या पत्रकार परिषदेत त्याने अगदी सहज सांगून टाकलं की टीमच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरशी आपलं आधीच बोलणं झालं होतं. दुसऱ्या टीमच्या खेळाडूशी असं आधीच बोलणं नियमात बसत नाही, म्हणून लीगने चौकशी केली. टीमला अडीच लाख डॉलर दंड, जीएमना ५० हजार, आणि २०२५ चा पाचव्या फेरीचा पिक गेला. प्रवासाची सोय बघणारा, ट्रेनर, जनसंपर्कवाला, सगळ्यांना मार्चच्या आधी बसवून सांगा: करार व्हायच्या आत कुणाचाही फोन आला तर उत्तर कोण देणार आणि काय देणार.

५३ च्या यादीतला शेवटचा माणूस गृहीत धरणं

ऑगस्टअखेर, सीझन सुरू होण्याआधी, टीममधल्या ९० जणांचे ५३ करायचे असतात. ‘या पोराला सोडू, उद्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर परत घेऊ’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. प्रॅक्टिस स्क्वॉड म्हणजे सरावासाठी ठेवलेली, ५३ च्या बाहेरची तुकडी. पण नवखा खेळाडू वेव्हरवर, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीवर, गेला की बाकीच्या ३१ टीमना तो उचलता येतो. प्रीसीझनच्या शेवटच्या सामन्यात त्याला चमकवून लगेच सोडलंत तर तो टिकेल कसा? ज्याला लपवायचंय त्याला खेळवू नका, किंवा सरळ ५३ मध्ये ठेवा. आणि सोडायचंच असेल तर जीएमने स्वतः समोर बसून सांगावं, का ते सांगावं, परत कधी फोन करू तेही सांगावं. वेव्हरमधून कुणी उचललं नाही, तर त्याला प्रॅक्टिस स्क्वॉडसाठी इतर टीमचेही फोन येतात. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं की तो जिथे माणसासारखं वागवलं तिथे जातो.