लॅपटॉप तापून बंद पडतोय? आधी हवेची वाट तपासा

अकोल्याच्या एमआयडीसीत एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी हिशेब बघते. मागच्या मे महिन्यात 19 तारखेला, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, 3बी, भरायला एकच दिवस उरलेला असताना, माझा लॅपटॉप दुपारभरात तीन वेळा बंद पडला. निळा पडदा नाही, काही सूचना नाही. लाइट गेल्यासारखा एकदम गप्प. तिसऱ्या वेळी वजनकाट्याच्या पावत्यांची जुळवणी केलेली एक्सेल शीट सेव्ह न करताच गेली आणि मी टेबलावर डोकं टेकून बसले.

संध्याकाळी एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने खालचं झाकण न उघडताच सांगितलं, मदरबोर्डचं काम निघेल, साडेअकरा हजार धरून चला. लॅपटॉप चार वर्षांचा. मी तसाच परत आणला. शेवटी खर्च झाला साडेतीनशेच्या थर्मल पेस्टचा आणि नऊशेच्या पंख्याचा, आणि तो पंखाही माझ्याच हाताने गेला होता, ते पुढे येईलच. त्याआधी आठशेचा कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंखा, घेऊन झाला होता, तो वेगळाच.

तापून बंद पडणं म्हणजे लॅपटॉप बिघडला असं नाही, तो स्वतःला वाचवतोय. प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप, शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी आपला वेग कमी करतो. तरीही उष्णता हटली नाही तर वीज तोडून टाकतो, कारण पुढे चिप जळायची. म्हणजे मधे एक पायरी असते, आणि ती मी पंधरा दिवस बघत होते. दुपारी दोननंतर टॅलीत लेजर उघडायला वेळ लागायचा, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटायचं, पंखा घरघरायचा. मी मात्र नेटला शिव्या देत होते.

बंद पडल्यावर लगेच चालू करू नका. मी तेच केलं आणि दोन मिनिटांत परत बंद. चार्जर काढा, लॅपटॉप दोन पुस्तकांवर असा ठेवा की पोटाखालून वारा जाईल, आणि वीसेक मिनिटं त्याला विसरा. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला मला ऑफिसात दोघांनी दिला. थंड झालेल्या लॅपटॉपला बाहेरची हवा लागली की आत दव धरतं. पाण्याच्या बाटलीला बाहेरून धरतं तसंच, फक्त इथे ते बोर्डावर. चालू झाला की पहिलं काम बॅकअप, बाकी सगळं नंतर.

मग ठरवायचं की हे तापणंच आहे की दुसरं काही. तापून बंद पडणारा लॅपटॉप कामाच्या ओझ्याखाली बंद पडतो. अर्धा-पाऊण तास मोठ्या शीटवर काम चाललंय, कीबोर्डचा वरचा भाग चटका देतोय, पंखा जीव तोडून फिरतोय, आणि गेला. सकाळी गार असताना तोच लॅपटॉप सरळ चालतो. उलट, चार्जरची पिन काढताच बंद, किंवा 40 टक्क्यांवरून एकदम शून्य, तेही अंग गार असताना, तर ते बॅटरीचं दुखणं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर 41 अशी नोंद बघून घाबरू नका. नीट बंद न होता मशीन गेलं एवढंच ती सांगते, का गेलं ते नाही. माझ्या दुरुस्तीवाल्याने हीच नोंद दाखवून बोर्ड गेल्याचं सांगितलं होतं.

खात्री करायला आकडा बघा. एचडब्ल्यूमॉनिटर हे फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात प्रत्येक भागाचं आत्ताचं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान दिसतं. ते उघडं ठेवून नेहमीचं काम करा आणि प्रोसेसरच्या ओळीतला जास्तीत जास्तचा रकाना बघा. नुसता बसलेला लॅपटॉप 45 ते 55, कामात 70 ते 85, तर काळजी नाही. माझा नुसता टॅली उघडला तरी 91 आणि मोठी शीट उघडली की 99.

आता आमच्या गावाचा प्रश्न. लॅपटॉपचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीतली हवा आत ओढून तापलेली बाहेर टाकतो, एवढंच. म्हणून खोली जितके अंश तापेल, साधारण तितकेच अंश आतला आकडा चढतो. डिसेंबरात माझं ऑफिस 25 अंशांवर असतं, मेमध्ये दुपारी पत्र्याखाली 40. हे पंधरा अंश कुठेतरी निघणारच. हिवाळ्यात 84 वर सुखाने चालणारा लॅपटॉप उन्हाळ्यात 99 ला टेकतो, आणि आपण म्हणतो कालपर्यंत तर चांगला होता. बहुतेक कंपन्या वापरायच्या जागेचं तापमान 35 अंशांपर्यंत असावं असं सांगतात. वऱ्हाडात मेमध्ये ते पाळायचं तर सकाळी दहाच्या आत दुकान बंद करावं लागेल. त्यामुळे इथे लॅपटॉपमध्ये अडथळा थोडासुद्धा चालत नाही.

बाहेरच्या गोष्टी पटकन सांगते. गादीवर, उशीवर, मांडीवरच्या चादरीवर ठेवून वापरू नका, हवा घ्यायच्या फटी पोटाला असतात. कूलर थेट लॅपटॉपवर मारू नका, ती हवा ओली असते. खोलीत हवा फिरू द्या आणि लॅपटॉप धारेच्या बाजूला ठेवा. बॅगेत घालताना नुसतं झाकण मिटू नका, शटडाऊन करा. झोपलेला लॅपटॉप बॅगेतच जागा होऊन तापतो. दुपारी स्कूटीच्या डिक्कीतून आणलेला लॅपटॉप काढल्या काढल्या चालू करू नका आणि चार्जिंगलाही लावू नका. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यात वर कोण बसलंय ते बघा. माझ्याकडे ब्राउझरच्या एकतीस टॅब होत्या, त्यात दोन बाजारभावाच्या, सतत हलणाऱ्या. या सगळ्याने माझा आकडा पाच-सहा अंशांनी उतरला. कूलिंग पॅडने आणखी तीन. बंद पडणं काही थांबलं नाही.

थांबलं ते आमच्या फिटरकाकांमुळे. जिनची मशीनं ते तीस वर्षं सांभाळतायत, लॅपटॉपला कधी हात लावलेला नाही. माझी रडकथा ऐकून म्हणाले, "ताई, हे मशीन हवा घेते कुठून अन् सोडते कुठून, थे पाह्यलं का तुम्ही?" नव्हतं पाह्यलं. आम्ही तो उलटा केला. खालच्या जाळीला पांढुरकी लव धरलेली, आणि बिजागरीशी हवा बाहेर पडायच्या फटीत टॉर्च मारला तर पलीकडचं काही दिसेना. "हवा जायले जागाच नाही तं थे तरी काय करन!" काका म्हणाले.

इथे माझी चूक. काकांनी कंप्रेसरची नळी आणली आणि मी हो म्हटलं. फटीतून हवा मारताच आतला पंखा किंचाळल्यासारखा फिरला, थोडी धूळ उडाली, आम्ही खूश. दोन आठवड्यांत पंख्याची बेअरिंग कर्रकर्र वाजायला लागली. तो एवढ्या वेगासाठी बनलेलाच नसतो. शिवाय कंप्रेसरच्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे थेंब येतात, आणि बाहेरून मारलेल्या हवेने कचरा निघण्याऐवजी आणखी आत बसतो. घरचा व्हॅक्यूम क्लिनरही नको, त्याने स्थिर विजेचा झटका बसू शकतो. हाताचा रबरी ब्लोअर किंवा हवेचा छोटा डबा चालेल, पण पंख्याच्या पात्यात काडी अडकवून त्याला धरून ठेवा.

खरं काम उघडूनच होतं. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. टचपॅड वर उचललेलं किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं तरीही उघडू नका. ती फुगलेली बॅटरी आहे. चार्जिंग बंद करा, दाबू नका, टोचू नका, जाणकाराकडे द्या.

बाकीच्यांनी आपल्या मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ आधी शेवटपर्यंत बघा. चार्जर काढा, बंद करा. स्क्रू बहुधा छोटे चौफुलीचे असतात, काही रबरी पायांखाली लपलेले. त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर तो वरच्या बाजूला बाहेर येतो. मी कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलं आणि प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी सेलोटेपने चिकटवला. झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवा, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा.

पंखा दोन-तीन स्क्रूंवर बसलेला असतो. तो उचलला आणि मला कळलं दुखणं कुठे होतं. पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक पत्र्यांची जाळी असते. प्रोसेसरपासून निघालेली तांब्याची चपटी नळी उष्णता तिथपर्यंत आणते आणि पंखा ती बाहेर फेकतो. त्या जाळीवर, पंख्याच्या बाजूने, रुईची पट्टी बसली होती. धूळ नाही, चक्क पट्टी, करंगळीएवढी रुंद, घट्ट दाबलेली. चिमट्याने ओढली तर एका तुकड्यात निघाली, गाठीतून नमुना काढावा तशी. दिवाळीपासूनच्या हंगामात आमच्या हवेत जे तंतू उडतात ते सगळे चार वर्षं इथे जमत होते. ज्यांच्या घरी कापूस नाही त्यांच्याकडे हेच काम गादीचा कापूस, मांजराचे केस आणि उदबत्तीचा धूर मिळून करतात. बाहेरून फुंकून ही पट्टी कधीच निघाली नसती.

जाळी मऊ ब्रशने साफ केली, पाती कोरड्या कापडाने. आता थर्मल पेस्ट. प्रोसेसर आणि तांब्याचा पत्रा यांच्यामधली बारीक पोकळी ती भरते. माझी सुकून भिंतीवरच्या जुन्या चुन्यासारखी झाली होती, नखाने पापुद्रे निघाले. तांब्याच्या पत्र्यावर स्क्रूंशेजारी बहुधा 1, 2, 3, 4 असे आकडे घातलेले असतात. सोडवताना एकेक थोडाथोडा सैल करा, बसवताना समोरासमोरचे थोडेथोडे आवळा, एकच पूर्ण पिळून टाकू नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा. कापसाचा बोळा नको, हे मी जिनिंगमध्ये बसून सांगतेय. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, चिपच्या मध्यावर. ती दाबाने आपोआप पसरते. जास्त घातली तर कडेने वाहते, गारवा काही वाढत नाही. बाजूच्या चिपांवर राखाडी रबरासारखे मऊ पॅड असतील तर ते फाडू नका आणि त्यांच्या जागी पेस्टही लावू नका, ते जाड पोकळीसाठी असतात.

हे उघडणं झालं जूनच्या पहिल्या रविवारी, आणि तेव्हाच कर्रकर्र करणारा पंखाही बदलला. त्याच दुपारी, त्याच पत्र्याखाली, त्याच शीटवर जास्तीत जास्तचा आकडा आला 81.

एक सेटिंग मात्र 19 तारखेच्या रात्री कामाला आलं होतं आणि कोणालाही अडीअडचणीला येईल. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघडून प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के करायची. एक टक्का हास्यास्पद वाटतो, पण बहुतेक लॅपटॉपमध्ये त्याने प्रोसेसरची जादा उडी, म्हणजे टर्बो, बंद होते आणि दहा-पंधरा अंश सहज उतरतात. काम जरा सावकाश होतं. माझी 3बी त्या रात्री साडेअकराला अशीच भरली गेली. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही, तिथे पॉवर मोड बचतीवर ठेवा.

स्वतः उघडायची हिंमत नसेल तर दुरुस्तीवाल्याला "तापतो, बघा" असं मोघम सांगू नका. पंखा काढून जाळी साफ करा आणि पेस्ट बदला, माझ्यासमोर, असं सांगा आणि निघालेला कचरा बघायला मागा. आधीचा आणि नंतरचा आकडा मोबाइलवर टिपून ठेवा.

मी आता दसऱ्याच्या आधी एकदा आणि गुढीपाडव्याच्या सुमारास, हंगाम उतरला की एकदा, असा वर्षातून दोनदा तो उघडते. पेस्ट दर वेळी बदलत नाही, फक्त जाळी साफ करते. पाडव्याला निघालेली रुई फिटरकाकांनी तळहातावर घेऊन ताणून पाहिली आणि म्हणाले, "धागा आखूड हाये." कूलिंग पॅड वजनकाट्यावरच्या मुलाने नेलाय.