डाळ शिजत नाही, बादलीवर थर बसतो: नाशिकमध्ये घरचं पाणी कसं तपासावं

तूरडाळ नेहमीच्या शिट्ट्यांत शिजत नाही. शॉवरची निम्मी भोकं बुजलेली असतात, बादलीवर पांढरा थर बसतो आणि अंगाला साबण चोळला तर फेसाऐवजी चिकट साय तरंगते. ही सगळी जड पाण्याची, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या दुष्फेन पाण्याची लक्षणं आहेत.

नाशिकला महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं, त्याला मुकणे आणि दारणेची जोड आहे. हे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं पाणी आहे. खडकाशी त्याचा फारसा संबंध येत नाही, म्हणून ते हलकं असतं. बोअरचं पाणी मात्र काळ्या कातळाच्या भेगांतून मुरत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. त्यामुळे महापालिकेची जोडणी असलेल्या घरात वरची लक्षणं दिसली, तर पहिला संशय जमिनीखालच्या टाकीवर घ्यावा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी नळाच्या पाण्यात तिथेच मिसळतं. हे तपासण्याआधी कुठलंही यंत्र विकत घेऊ नका.

तीन बाटल्या भरा

पहिली बाटली महापालिकेच्या लाइनवरच्या नळाची. पाणी आलेलं असताना, टाकीत पडण्याआधी, दोन मिनिटं वाहू देऊन भरा. दुसरी बोअरची, पंप दहा मिनिटं चालल्यावर. तिसरी स्वयंपाकघरातल्या नळाची. प्रत्येक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, साबण अजिबात लावू नका. बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ लिहा.

टीडीएस मीटरवर थांबू नका

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. तीन बाटल्यांमधला फरक पटकन दिसायला ते चांगलं आहे. पण जडपणा, जंतू किंवा नायट्रेट यांतलं काहीही त्यातून कळत नाही. चांगल्या पाण्यात चमचाभर मीठ टाकलं की आकडा भरमसाट वाढतो, जडपणा मात्र जवळपास तसाच राहतो. केवळ हा आकडा दाखवून कोणी यंत्र विकायला आलं, तर आधी जडपणाची चाचणी मागा.

जडपणा थेंबांनी मोजा

मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानात जीएच किट, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायचं किट, मिळतं. नळीत 5 मिली पाणी घ्या, एकेक थेंब टाका, प्रत्येक थेंबानंतर हलवा आणि रंग पूर्ण बदलेपर्यंत थेंब मोजा. अशा बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला 17.8 मिलिग्रॅम जडपणा. तुमच्या किटच्या पत्रकात वेगळा हिशोब दिला असेल तर तो धरा. 14 थेंब लागले तर जडपणा साधारण 250.

चूक होते ती थेंबात. बाटली तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात, म्हणून ती उभीच धरा. पाणी हलकं असेल तर 10 मिली घ्या आणि थेंबामागे 8.9 धरा, आकडा जास्त नेमका येतो. वीस थेंबांनंतरही रंग बदलला नाही, तर पाण्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळून पुन्हा मोजा आणि उत्तर दुप्पट करा.

60 पर्यंतचं पाणी हलकं आणि 180 च्या पुढचं फार जड, असं साधारणपणे मानतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, मर्यादा 200 आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं.

आता खरा उपयोगाचा हिशोब. समजा लाइनचं पाणी 50, बोअरचं 450 आणि स्वयंपाकघरातलं 250 निघालं. 250 मधून 50 वजा केले की 200. 450 मधून 50 वजा केले की 400. 200 ला 400 ने भागलं तर अर्धा. म्हणजे तुमच्या घरात निम्मं पाणी बोअरचं येतंय. सोसायटीच्या बैठकीत हा आकडा ठेवला की वादाला जागा राहत नाही.

उकळून पाहा

एक लिटर पाणी पंधरा मिनिटं उकळा आणि थंड करा. आटलेलं पाणी डिस्टिल्ड वॉटरने भरून पुन्हा बरोबर एक लिटर करा. ही पायरी चुकली तर उत्तर चुकतं. मग गाळणकागदातून गाळून जडपणा मोजा. जेवढा कमी झाला, तेवढाच जडपणा गिझरच्या कॉइलवर थर होऊन बसतो. उरलेला उकळून जात नाही.

उपाय

सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय प्लंबिंगचा आहे. बोअरची लाइन वेगळी काढून फ्लश, पार्किंग धुणं आणि बाग एवढ्यालाच द्या. टाकीत मधे भिंत घाला आणि दोन्ही पाणी एकत्र येऊ शकतं तिथे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा.

बोअरशिवाय भागतच नसेल तर सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला जडपणा काढणारं यंत्र, लावा. त्यात जडपणा पकडणारे बारीक मणी असतात, त्यांना रेझिन म्हणतात. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम जडपणा पकडतं. 25 लिटर रेझिन आणि 400 जडपणाचं पाणी असेल, तर सुमारे 3,100 लिटरनंतर ते भरतं. प्रत्यक्षात 2,500 लिटरलाच मिठाच्या पाण्याने धुऊन घ्या, एका वेळी सुमारे तीन किलो मीठ लागेल. मीठ मातीमिश्रित असेल तर रेझिन खराब होतं. सॉफ्टनर लावल्यावर टीडीएस कमी होत नाही, कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. यंत्र बिघडलं म्हणून तक्रार करण्याआधी थेंबांची चाचणी करा. हे पाणी पिण्याच्या नळाला आणि झाडांना देऊ नका, सोडियमने माती घट्ट होते.

गिझर 50-55 अंशांवर ठेवा, त्याहून तापवलं की थर झपाट्याने वाढतो. शॉवरचं तोंड काढून लिटरभर कोमट पाण्यात 25 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास बुडवा. संडासाचं ॲसिड वापरलं तर क्रोमचा मुलामा निघून जातो.

आरोग्याचा प्रश्न वेगळा

जड पाण्याने खर्च वाढतो. माणूस आजारी पडतो तो जंतूंनी, म्हणून त्यांची चाचणी टाळू नका. लाइनच्या नळावर क्लोरिन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. क्लोरिन तपासायच्या डीपीडी किटमध्ये क्लोरिन असलेलं पाणी गुलाबी होतं. गच्चीवरच्या टाकीत क्लोरिन उडून जातं, तिथलं पाणी तपासून महापालिकेला दोष देऊ नका. लाइनवरच क्लोरिन सापडलं नाही, तर तारीख आणि वेळेसह पाणीपुरवठा विभागाकडे तक्रार करा आणि तोवर पाणी उकळून प्या.

स्वयंपाकघरातल्या नळासाठी एचटूएस व्हायल, म्हणजे जंतू तपासायची तयार कुपी, वापरा. खुणेपर्यंत पाणी भरा, तोंडाला आतून हात लावू नका आणि व्हायल उबदार जागी ठेवा. 24 ते 48 तासांत पाणी काळं झालं तर मैलामिश्रित दूषण असण्याची दाट शक्यता आहे. मग टाकी घासून धुवा आणि भरल्यावर हजार लिटरला 5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर द्या. पावडर बादलीत कालवून, निवळलेलं पाणी तेवढं टाकीत ओता आणि अर्धा तास नळ बंद ठेवा.

बोअरचं पाणी पिण्यात येत असेल तर प्रयोगशाळेतून नायट्रेट आणि फ्लोराइड तपासून घ्या. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर ते बाटलीच्या दुधावरच्या बाळांना घातक ठरतं, आणि उकळल्याने ते कमी होत नाही. अशा वेळी आरओ योग्य. निव्वळ धरणाच्या पाण्यासाठी गाळणी आणि यूव्ही पुरतं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आधी गाळणी बदला, कारण गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश जंतूंपर्यंत पोहोचत नाही.

या चाचण्या मे अखेरीस आणि ऑगस्टमध्ये, अशा वर्षातून दोनदा करा. मे महिन्यात बोअर आणि टँकरचा वाटा वाढलेला असतो, ऑगस्टमध्ये गढूळपणा.