फ्लॅट विकायचाय? आधी ओल काढा, मग रंग

सोसायटीतला पंधरा-वीस वर्षांचा फ्लॅट विकायला काढला की पहिला बेत ठरतो तो रंगकामाचा. तो जरा थांबवा. बघायला आलेली मंडळी हॉलचं कौतुक करतात, पण त्यांची नजर बाथरूमलगतच्या भिंतीवर असते. सोबत एखादे जाणते काका असले, तर ते बेडरूममधलं कपाटही सरकवायला लावतात.

१. ओल शोधा. बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीखालचा भाग आणि वरच्यांच्या बाथरूमखालचं छत, इथे हात फिरवून बघा. रंगाला फुगे आलेत, मिठासारखी पांढरी पूड हाताला लागते, म्हणजे पाणी अजून मुरतंय. बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांतलं जुनं व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालचा पाणी जायचा भाग) कडेची फट हमखास दगा देते, तिथे प्लंबरसमोर उभं राहून काम करून घ्या. शेवटचा मजला असेल आणि गच्चीतून गळत असेल, तर आदर्श उपविधींनुसार (सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

२. भिंत वाळू द्या, मगच पुट्टी, प्रायमर आणि रंग. ओल्या भिंतीवरची पुट्टी टिकत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. रंग फिका घ्या. ओलीवर वॉलपेपर चिकटवून वेळ मारून नेऊ नका. समोरचं कुटुंब आयुष्यभराची कमाई ओतणार असतं, त्यांना हे कळायलाच हवं.

३. माळा आणि बाल्कनी रिकामी करा. गळके नळ, करकरणारी दारं, बंद पडलेले दिवे दुरुस्त करा. नवं मॉड्युलर किचन मात्र करू नका. घेणारे आपल्या आवडीने तोडफोड करतातच आणि तुमचा खर्च वसूल होत नाही.

४. फाइल तयार ठेवा. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), तुमच्या नावावर चढलेलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची ताजी पावती. घर तुम्हीही रिसेलमध्ये घेतलं असेल, तर आधीच्या मालकांचे करारही लागतात. कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील ती सगळी साखळी मागतो. तुमचं कर्ज चालू असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्या. घर दिवंगत आई-वडिलांच्या नावावर असेल, तर वारसांच्या कागदपत्रांना सगळ्यांत आधी हात घाला, त्यात महिने जातात. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर घेणाऱ्याला त्यातून १ टक्का टीडीएस (सरकारकडे भरायचा आयकर) कापावा लागतो. मालकांपैकी कोणी परदेशात स्थायिक असेल, तर नियम वेगळे आहेत. सीएला आधीच विचारा.

५. घर दिवसाउजेडी दाखवा, पडदे बाजूला सारून. नळ सोडून बघायचे असतील तर बघू द्या, पाण्याची वेळ खरी सांगा. पार्किंग करारात लिहिलंय की सोसायटीने वापरायला दिलंय, हे आधीच तपासून तसंच स्पष्ट सांगा. टोकन घेतल्यावर नेमका यावरूनच वाद पेटतो आणि ठरलेला व्यवहार मोडतो.