सरकारी कार्यालयात एआय आणताय? या चुका टाळा

एआयची सुरुवात निविदेपासून करू नका. आधी काम नेमकं कुठे अडतंय ते ठरवा: टपालाची वर्गवारी, तक्रारी योग्य शाखेकडे पाठवणं, जुन्या नस्तीतलं पत्र शोधणं. एकच काम घ्या आणि आज त्याला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. नाहीतर पुढे फरक पडला की नाही, हे सांगताच येणार नाही.

चॅटबॉट चुकीची उत्तरं देतोय? मॉडेल बदलण्याआधी त्याला दिलेले शासन निर्णय तपासा. माझ्या मते निम्मं दुखणं इथेच असतं. एकाच योजनेचा मूळ निर्णय, सुधारणा, शुद्धिपत्रक असं सगळं एका फोल्डरमध्ये पडलेलं असतं. जुना निर्णय अधिक्रमित झालाय, म्हणजे त्याची जागा नव्या निर्णयाने घेतलीय, हे त्या पीडीएफवर कुठेच लिहिलेलं नसतं. मग चॅटबॉट जुनी उत्पन्नमर्यादा सांगतो आणि पात्र माणूस अर्जच करत नाही. प्रत्येक निर्णयापुढे ‘लागू’, ‘अंशतः सुधारित’ किंवा ‘अधिक्रमित’ अशी नोंद करा. हे काम कंपनीवर सोडू नका, ते शाखेतल्या जाणत्या लिपिकालाच जमतं.

जुन्या फाइलींचा फॉन्टही बघा. कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण नोटपॅडमध्ये डकवला की अगम्य इंग्रजी अक्षरं उमटतात. एआयलाही तेच दिसतं. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर नावं, रफार आणि आकडे माणसाकडून तपासून घ्या.

नागरिकांची माहिती खुल्या चॅटबॉटमध्ये टाकू नका. सरकारी माहिती आणि कागदपत्रांच्या गोपनीयतेला धोका म्हणून केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 2025 मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरायला मनाई केली.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे निर्णयच यंत्रावर सोपवणं. ऑस्ट्रेलियात सरकारी भत्ता घेणाऱ्यांकडून जादा गेलेले पैसे वसूल करायला ‘रोबोडेट’ योजना आणली, तिच्यात एआयसुद्धा नव्हतं. वर्षाची कमाई पंधरवड्यांत सारखी वाटून लाखो लोकांवर खोटी थकबाकी काढली गेली, आणि ती चुकीची आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही त्यांच्यावरच आली. आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यावी लागतात. ‘सिस्टीमने नाकारलं’ हे कारण होत नाही. नामंजुरीखाली अधिकाऱ्याची सही आणि कारण हवंच.

नाकारलेल्या अर्जांपैकी काही दर आठवड्याला हाताने तपासा. पासबुकात माहेरचं आडनाव आणि रेशनकार्डावर सासरचं, एवढ्यावरून बायकांचे अर्ज बाद होत असतील, तर यंत्राची ती नावं जुळवण्याची तपासणी लगेच बंद करा आणि बाद झालेले सगळे अर्ज पुन्हा उघडा.