नाशिकहून लेहला मोटारसायकलने: ब्रेक, हवा आणि उंचीचा हिशेब

लेहला जायला मोठी गाडीच लागते, हा समज आधी काढून टाका. १५० सीसीची गाडीसुद्धा लेहजवळची खारदुंगला ही खिंड चढते, सावकाश चढते एवढंच. प्रवास फसतो तो दोन गोष्टींनी: सामानाने लादलेल्या गाडीचे उतारावर तापलेले ब्रेक, आणि अंगाला न मानवणारी उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, लेह ३,५०० मीटरवर आणि खारदुंगला ५,३५९ मीटरवर. ब्रेक आणि उंची, दोन्हींचा बंदोबस्त निघण्याच्या महिनाभर आधी नाशिकमध्येच सुरू होतो.

दिवस किती

नाशिक ते जम्मू साधारण १,८०० किलोमीटर. चांदवड, मालेगाव, धुळे, सेंधवा, इंदूर करत वर जायचं. रोज साडेचारशे किलोमीटर धरले तर चार दिवस. पुढे श्रीनगर, कारगिल आणि लेह असे तीन दिवस, लेहला दोन दिवस निव्वळ विश्रांती, आजूबाजूला फिरायला तीन-चार दिवस, मनालीपर्यंत उतरायला तीन आणि घरी यायला चार. वर दोन दिवस मोकळे हवेतच, कारण दरड कोसळून रस्ता बंद होणं तिकडे नेहमीचं आहे. एकूण २१ ते २२ दिवस.

रजा पंधरा दिवसांचीच असेल तर लेहचे विश्रांतीचे दिवस कापू नका, मैदानातले कापा. गाडी नाशिक रोडहून रेल्वे पार्सलने पुढे पाठवता येते. टाकी पूर्ण रिकामी करा, आरसे काढून ठेवा, आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स द्या, गोणपाटात पॅकिंग करून घ्या आणि त्यावर नाव, फोन, कुठून कुठे हे मोठ्या अक्षरांत लिहा. पार्सल तुमच्याच रेल्वेने पोचेल असं धरू नका. चार-पाच दिवस आधी पाठवा.

काळ सप्टेंबरचा उत्तम. जूनमध्ये मध्य प्रदेश आणि राजस्थानचं ऊन अंग भाजून काढतं आणि वर खिंडींत बर्फ वितळून नाले भरलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी येतात. सप्टेंबरमध्ये नाल्यांचं पाणी उतरतं, थंडी मात्र वाढू लागते.

जाताना श्रीनगर, येताना मनाली

या बाबतीत आमचं मत ठाम आहे. मनाली २,०५० मीटरवर आहे. तिथून निघून पहिल्याच रात्री सरचूला मुक्काम केला तर तुम्ही एका दिवसात ४,२९० मीटरवर झोपता, आणि डोकेदुखी, ओकाऱ्या, रात्रभर झोप नाही, हे बहुतेकांना तिथेच होतं. श्रीनगरकडून गेलात तर १,५८५ मीटर, मग कारगिल २,६७६, मग लेह ३,५००, अशा पायऱ्या मिळतात. वाटेतली फोतुला खिंड ४,१०८ मीटर उंच आहे, पण ती ओलांडायची असते, तिथे झोपायचं नसतं. त्रास ठरतो तो मुख्यतः झोपण्याच्या उंचीवर. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. कारगिलहून लेहला ही मर्यादा ओलांडली जाते, म्हणून लेहचे दोन दिवस सक्तीचे. त्या दोन दिवसांत गाडीला किल्ली लावायची नाही, दारू नाही, झोपेची गोळी नाही.

अ‍ॅसिटाझोलामाइड ही उंचीचा त्रास टाळायची गोळी घ्यायची की नाही हे नाशिकमध्येच डॉक्टरांना विचारा. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. आणि एक गोष्ट सोबतच्या सगळ्यांनी पाठ करावी: बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, चालताना तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री खाली उतरवायचं, आणि त्याला गाडी चालवू द्यायची नाही.

ब्रेक

डिस्क ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ताजं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. ओलावा शोषलेलं तेच ऑइल १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवला की कॅलिपरमधलं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातलं, तापमान तिथवर जाऊ शकतं. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर मुठीला टेकतं तरी गाडी थांबत नाही. म्हणून दोन वर्षांपेक्षा जुनं ऑइल असेल तर निघण्याआधी बदला, पुढचं आणि मागचं दोन्ही. डबी ताजी, सीलबंद घ्या; अर्धी उघडी पडलेली नको. पॅड निम्मे झिजले असतील तर नवे घाला आणि जुने, थोडा जीव असलेले, सुटे म्हणून सोबत ठेवा.

मग चाचणी. गाडीवर लेहला न्यायचं तेवढंच सामान लादा आणि नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढा. वर पोचल्यावर गाडी थंड होऊ द्या. ब्रेकचं लिव्हर दाबून मुठीपासून किती बोटांवर घट्ट होतं ते बघा. आता घाट उतरा आणि खाली नांदुरीत थांबून लगेच पुन्हा दाबा. लिव्हर पहिल्यापेक्षा आत येत असेल किंवा स्पंजासारखं लागत असेल, तर ऑइल खराब आहे, नळीत हवा आहे, किंवा तुम्ही ब्रेक दाबून ठेवून उतरलात. तिन्हींचा इलाज घरापासून पन्नासेक किलोमीटरवर करणं सोपं. याच फेरीत कॅरियरचे बोल्ट सैल होतात आणि वेल्डिंगला चीर जाते, तेही इथेच कळलेलं बरं. कॅरियर सातपूर किंवा अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेणार असाल तर सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे हादऱ्यांनी सैल न होणारे नट, लावायला सांगा.

उतरण्याची पद्धत अशी: जो घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढला असता तो दुसऱ्यातच उतरायचा. वेग इंजिन धरून ठेवतं. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना, पुढचा-मागचा मिळून दाबायचा आणि सोडायचा. न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून घरंगळत जायचं नाही. पेट्रोल वाचवण्याची ही सवय डोंगरात जीवावर बेतते. जळका वास आला तर थांबा, अर्धा तास जाऊ द्या, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. अरुंद चढावर वर येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा कायदाही आहे आणि शहाणपणही, कारण लादलेला ट्रक चढावर थांबला की पुन्हा निघत नाही.

टायरमधली हवा

इथे अनेकांचा गोंधळ होतो. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. वर बाहेरचा दाब कमी होतो, म्हणून नाशिकला ३० पीएसआय भरलेलं चाक त्याच तापमानाला लेहमध्ये ३४ दाखवेल. वेफर्सचं पाकीट फुगतं ते याच कारणाने. पण लेहची पहाट थंड असते, आणि २५ अंशांनी तापमान उतरलं की साधारण साडेतीन पीएसआय कमी होतात. म्हणजे पहाटे गेज पुन्हा ३०च्या जवळ दिसतो. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा पाहून हवा सोडली तर पहाटे टायर बसलेला असतो आणि दगडावर रिम वाकतं. स्वतःचा गेज ठेवा, हवा फक्त सकाळी गाडी हलवण्याआधी तपासा, आणि माहितीपुस्तिकेतल्या लादलेल्या गाडीच्या आकड्यापेक्षा चारने जास्त असेल तेव्हाच थोडी सोडा. खाली उतरल्यावर पुन्हा भरायला विसरू नका.

ट्यूबचे टायर असतील तर पुढची एक आणि मागची एक अशा दोन ट्यूब, टायर उचकटायच्या दोन टामी, सोल्युशन, पॅच आणि हातपंप लागतो. घराच्या अंगणात एकदा मागचं चाक स्वतः काढून, ट्यूब बदलून बसवा. चाक बसवताना ट्यूब टामीत चिमटली तर नव्या ट्यूबलाही लगेच भोक पडतं. म्हणून आधी ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला गोल आकार द्यायचा.

चेन, क्लच, इंजिन

चेनचा ढिलेपणा बहुतेक गाड्यांत २५ ते ३५ मिलिमीटर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत घट्ट जागेवर माप बसवा, नाहीतर सामान चढल्यावर तिथेच चेन ताणली जाऊन बेअरिंग खाते. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागे चेन बोटाने ओढा. अर्धा दात उघडा दिसला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असं पूर्ण किटच बदला, नुसती चेन नको. दर ५०० किलोमीटरला, आणि धुळीच्या किंवा पाण्याच्या दिवशी रोज संध्याकाळी, ९० नंबर गिअर ऑइल लावा. लॉक असलेली चेन असेल तर एक लॉक सोबत ठेवा; त्याच्या क्लिपचं बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला हवं.

क्लच केबल तुटते ती नेमकी वळणावरच्या चढावर. नवी केबल जुनीच्या शेजारून टाकून टायने बांधून ठेवा, दोन्ही टोकं प्लॅस्टिकने झाका. मग वाटेत टाकी न काढता दहा मिनिटांत काम होतं. यापेक्षा स्वस्त विमा नाही.

खारदुंगलावर हवेचा दाब नाशिकच्या साधारण ५५ टक्के असतो, इंजिनची ताकदही साधारण तेवढीच उरते. इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल आपोआप कमी करतात. कार्ब्युरेटरची गाडी मात्र पेट्रोल जास्त पिते, काळा धूर देते, प्लग काळा पडतो. कार्ब्युरेटरमधल्या नीडलची क्लिप एक खाच वर सरकवली की फरक पडतो. एअर फिल्टर काढून चालवायचा सल्ला कोणी देईल, तो मानू नका. तिकडची बारीक धूळ सिलिंडर घासून टाकते.

पेट्रोल

लेह ते मनालीच्या वाटेवर केलांगजवळचं तांदी साधारण ३६५ किलोमीटर. मधल्या पंपांच्या भरवशावर राहू नका. गाडी इथे ३० देत असेल तर वर २५ धरा: ३६५ भागिले २५, म्हणजे १४.६ लिटर. त्यावर वीस टक्के राखीव, साडेसतरा. टाकी १३ लिटरची असेल तर पाच लिटरचा धातूचा कॅन हवा. तो काठोकाठ भरू नका. वर वाफ फुगते.

सामान

घराजवळच्या दुकानात काट्यावर बॅगा तोलून घ्या. दोन्ही बाजूंना सारख्या, बारा-बारा किलोच्या आत. मागे सीटवर आठ. हत्यारं आणि ट्यूब तळाशी, पुढच्या अंगाला. वजन मागे गेलं की चढावरच्या वळणात पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकत नाही. हातमोजे दोन जोड हवेत, एक कोरडा राहिलाच पाहिजे. इतर राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड घ्या. कागदपत्रं फोनवर असली तरी मूळ कागद सोबत असू द्या, कारण नेटवर्क नसतं.

नाले आणि परतीचा उतार

बर्फ दुपारी वितळतो, म्हणून नाला सकाळी घोट्याएवढा आणि दुपारी तीनला गुडघ्याच्या वर. अवघड नाले दहाच्या आत पार होतील अशा बेताने निघा. पाण्याचा वेग जास्त दिसला तर आधी चालत जाऊन बघा. संथ दिसणारं पाणी खोल असतं, लाटा उठतात तिथे ते उथळ असतं. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, थ्रॉटल एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. गाडी पाण्यात पडून बंद झाली तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, किक किंवा स्टार्टरने पाणी बाहेर फेकू द्या, एअर फिल्टर बघा, मगच चालू करा.

परतताना ब्रेकची खरी परीक्षा गाटा लूप्सला होते, २१ वळणं सलग उतरायची. तोवर शरीर उंचीला सरावलेलं असतं, म्हणून सरचूचा मुक्काम चालतो. दुसऱ्या दिवशी बारालाचाला खिंड ओलांडून केलांग, मग ९ किलोमीटरचा अटल बोगदा आणि मनाली. तिथे पोचल्यावर एक सकाळ गाडीला द्या: पॅडची जाडी, चेन, आरे सैल झालेत का, हवा, कॅरियरचे बोल्ट. मैदानातले पुढचे १,८०० किलोमीटर ऐंशीच्या वेगाने जायचे आहेत, आणि डोंगरात सैल झालेला बोल्ट तिथे निखळतो.