नागपूरहून कॅम्पर व्हॅनने कोकण किनारा: जंगलजेट्टीवर गाडीचं शेपूट कसं वाचवायचं

दोघांपुरती, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली व्हॅन, रेवस ते रेडी सागरी महामार्ग आणि हाताशी बारा-तेरा दिवस. एवढं जुळलं की चर्चा पडदे, गाद्या आणि दिव्यांच्या माळांवर जाते. त्यातलं काहीही घ्या, फरक पडत नाही. ही सहल अडते ती खाड्यांवर. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशी चार वेळा गाडी फेरीबोटीवर, म्हणजे तिथल्या भाषेत जंगलजेट्टीवर, चढवायची असते. साध्या कारला यात काही वाटत नाही. लांब शेपटीच्या, म्हणजे मागच्या चाकांमागे बराच भाग बाहेर आलेल्या व्हॅनची मात्र तिथेच सांडपाण्याची टाकी फुटते.

नागपुरातली तयारी

व्हॅन स्वतः बांधून घेतली असेल तर बदलाची नोंद आरसीवर हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ त्यासाठीच आहे. गॅस ५ किलोचा घ्या आणि सिलिंडरच्या कपाटाला तळाशी, थेट बाहेर उघडणारं भोक ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, वरच्या जाळीतून तो जात नाही.

कूलर घरीच राहू द्या. मे महिन्यात नागपूरची कोरडी हवा पाणी पिते म्हणून कूलर गारवा देतो. कोकणातली हवा आधीच ओली, तिथे तो फक्त गादी दमट करतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत साधारण १२०० वॅट-अवर मावतात. ३० वॅटचा पंखा आठ तासांत २४० खातो, म्हणजे दोन पंखे रात्रभर आरामात चालतात. एक टनाचा एसी तीच बॅटरी तासाभरात संपवतो.

निघायचा दिवस तिथी बघून ठरवा

सुट्टी शनिवारी लागते म्हणून शनिवारी निघू नका. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, पहाटेही त्याच सुमाराला. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे दहाच्या आसपास. शुद्ध असो की वद्य, गणित तेच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, शिवाय खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. म्हणून आदल्या दिवशी भरतीचं छापील वेळापत्रक बघून घ्या.

वेळेइतकंच पाणी किती खाली जातं तेही महत्त्वाचं. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं: भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीनंतर भांगाची भरती, पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. म्हणून चारही खाड्या सप्तमी ते एकादशी या पट्ट्यात बसवा. चतुर्थीला नागपूर सोडलं की हे जमतं.

‘सकाळची पहिली फेरी पकडा, गर्दी नसते’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. पौर्णिमेला पहिल्या फेरीच्या वेळी पाणी तळाला गेलेलं असतं. गर्दी नसेल, पण टाकीही उरणार नाही.

शेपूट नेमकं कुठे अडकतं

धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. बोट येते आणि आपली लोखंडी फळी त्यावर टेकवते. ओहोटीला बोट उताराच्या खालच्या टोकाशी लागते. गाडी आधी शेवाळलेल्या उतारावरून खाली जाते आणि लगेच फळीवर वर चढते. जोडाच्या जागी इंग्रजी ‘व्ही’सारखी खोच तयार होते. पुढची चाकं फळीवर चढली की नाक वर उठतं, मागची चाकं त्या खोचीत येतात आणि चाकांमागचा सगळा भाग मागच्या उतारावर टेकतो. पहिला आवाज येतो तो टाकीच्या नळाचा.

म्हणून घरीच टेप घेऊन मोजा. मागचं चाक जिथे जमिनीला टेकतं तिथून शेपटीखालच्या सर्वांत खाली लोंबणाऱ्या भागापर्यंतचं आडवं अंतर आणि त्या भागाची जमिनीपासून उंची. पाण्याची टाकी भरलेली, सामान चढवलेलं, दोघं आत बसलेली अशा अवस्थेत, तिसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. रिकाम्या गाडीचं माप फसवतं. उंचीला अंतराने भागा. ३० सेंटिमीटरला १५० ने भागलं तर ०.२ येतं, म्हणजे जेमतेम ११ अंश. उत्तर ०.२ किंवा त्याहून कमी असेल तर उधाणाच्या ओहोटीला फळीवर जायचं नाही. दोन-तीन तास चहा प्या, पाणी चढू द्या. दाभोळला अजिबात थांबता येत नसेल तर चिपळूणवरून वळसा घाला. वळशाचं डिझेल फुटलेल्या टाकीपेक्षा स्वस्त पडतं.

चढवताना

1. धक्क्यावर पोचण्याआधी वापरायचं आणि सांडपाण्याचं, दोन्ही पाणी कमी करा (सांडपाणी योग्य जागीच). १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि टाक्या बहुधा मागेच असतात. तेवढ्याने शेपूट दिसण्याइतकं उचलतं.

2. टायरची हवा कमी करू नका. ती युक्ती वाळूसाठी आहे. इथे हवा काढली की गाडी आणखी खाली बसते.

3. गॅसचा व्हॉल्व्ह बंद. मागची पायरी, सायकलचा स्टँड, जे काही बाहेर आलंय ते काढा.

4. दोन कठीण लाकडी फळ्या सोबत हव्यातच: मीटरभर लांब, ३० सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर जाड. त्या खोचीत, मागची चाकं जिथे येणार तिथे ठेवतात. पुढच्या चाकांपुढे ठेवून काही साधत नाही, बहुतेक लोक हीच चूक करतात. चाक ५ सेंटिमीटर उचललं की शेपूटही उचलतं. फळ्यांना दोरी बांधा, नाहीतर त्या खाडीत जातात.

5. एकाने उतरून बाजूला, मागच्या चाकाच्या रेषेत आणि शेवाळ नसलेल्या जागी उभं राहायचं. गाडीच्या मागे कधीही नाही. खुणा आधी ठरवा: हात वर म्हणजे थांब, बस्स. बोटीवरचे चारजण एकदम ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडतात. चालवणाऱ्याने फक्त आपल्या माणसाचा हात बघायचा. संसारातले निम्मे वाद या फळीवर होतात, ते असे टळतात.

6. पहिला गिअर, चालण्याच्या वेगाने, सरळ. ‘जोरात घ्या, निघून जाईल’ म्हणणाऱ्याची गाडी जीप असते. वेगात स्प्रिंग दबतात आणि शेपूट आणखी खाली येतं. तिरकं घेण्याचा सल्ला छोट्या कारपुरता ठीक आहे; उंच व्हॅन शेवाळावर कलली तर घसरते.

एकाच बाजूला फळी असलेल्या बोटीवर गाडी एकदा रिव्हर्स घ्यावीच लागते, चढताना किंवा उतरताना. शक्य असेल तर ‘चढतानाच रिव्हर्स घेतो’ असं बोटवाल्यांना सांगा. पलीकडच्या चढावर नाक पुढे असलेलं केव्हाही बरं.

डेकवर हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकाखाली ठोकळा.

बाकीचं

जाताना समृद्धी महामार्ग: ७०१ किलोमीटर, दोन दिवसांत, ८० च्या वर नाही. काँक्रीटवर दुपारी टायर तापतात, म्हणून हवा सकाळी थंड टायरवर तपासा. टायरमध्ये नायट्रोजन भरला की निश्चिंत, असं समजू नका. जुना टायर नायट्रोजनवरही फुटतो.

केळशी, आंजर्ले या बाजूचे रस्ते अरुंद आहेत आणि फणसाच्या फांद्या खाली आलेल्या असतात. व्हॅनची उंची कागदावर लिहून काचेसमोर चिकटवा. मुक्कामाला ग्रामपंचायतीत किंवा देवळाच्या आवारात विचारून थांबा. व्हॅन पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, नेऊ नका. ओली वाळू टणक वाटते ती भरती येईपर्यंतच.

परतताना रत्नागिरी, आंबा घाट, कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी. आंबा घाट चढण्याआधी एखाद्या सर्व्हिस सेंटरवर गाडी उचलून घ्या आणि बुडाखालून गोड्या पाण्याने धुवा: चेसिसच्या खाचा, ब्रेकचे पाइप, मागच्या स्प्रिंगचे पट्टे. वरून चकचकीत धुतलेल्या व्हॅनचं मीठ तिथेच बसलेलं असतं.