रेझटाऊनच्या खोल पाण्यात बास आणि वॉलआय हे मासे कसे पकडायचे

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात हंटिंग्डनजवळ रेझटाऊन लेक आहे, म्हणायला लेक पण खरं तर धरणच, १९७३ मध्ये पूर्ण झालेलं. जुनियाटा नदीच्या एका फाट्यावर भिंत घातली आणि डोंगरांमधली अख्खी अरुंद दरी पाण्याने भरली. आपल्या कोयनेचं पाणी डोळ्यासमोर आणा, तसंच लांबट आणि वळणावळणाचं. साधारण ८,३०० एकर पसारा, आणि भिंतीपाशी खोली २०० फुटांच्या आसपास. आम्ही पहिल्यांदा गेलो ते जुलैत, दोन दिवस भर उन्हात काठाकाठाने गळ टाकत फिरलो आणि घरी काय आणलं तर भाजलेली मान. चूक एकच होती, एवढं पाणी बघून वाटलं मासे सगळीकडे असणार. तसं नसतं, बहुतेक पाणी रिकामंच असतं, म्हणून आधी कुठे टाकायचं नाही ते ठरवायचं.

स्टेप १: कागदपत्रं. १६ वर्षं आणि पुढच्या सगळ्यांना पेनसिल्व्हेनियाचं फिशिंग लायसन्स लागतं, ऑनलाइन मिळतं, बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना थोड्या दिवसांचंही मिळतं. माशाची किमान लांबी आणि दिवसाला किती ठेवता येतात हे त्या वर्षीच्या नियमांत बघून घ्या, मित्राने सांगितलं म्हणून धरून चालू नका.

स्टेप २: लगेच लाईन टाकू नका. हे फार जड जातं, मला माहितेय, चार वाजता उठून आलेलो असतो. पण आधी अर्धा तास फक्त बोट हळूहळू फिरवा आणि फिश फाइंडरच्या, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनवर लक्ष ठेवा. उन्हाळ्यात खोल पाण्याचे थर पडतात, वरचं गरम पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खालचं थंड पाणी खालीच राहतं, आणि मध्ये एक पट्टा असतो जिथे तापमान झपकन उतरतं, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. फाइंडरची सेन्सिटिव्हिटी वाढवली की तो धुरकट आडव्या रेघेसारखा दिसतो. उन्हाळ्यात बऱ्याचदा २० ते ३० फुटांवर सापडतो, पण जागा बदलतो, मागच्या महिन्याचा आकडा आज चालेलच असं नाही. त्या रेघेच्या खाली ऑक्सिजन कमी होत जातो, म्हणून बास आणि वॉलआय बहुतेक वेळा तिच्या वर किंवा तिला चिकटून असतात. म्हणजे बघा, १५० फूट पाण्यातलं वरचं ३० फूटच आपलं, बाकीचं विसरून जा.

त्याच वेळी छोट्या माशांचे थवे शोधा, मोठे मासे यांनाच खायला येतात, इथे अलेवाइफ आणि शॅड असतात, स्क्रीनवर ढगासारखे दिसतात. ढग नाही तर थांबायचं नाही, पुढे चला.

स्टेप ३: बाससाठी जागा. बासचे इथे दोन प्रकार, स्मॉलमाउथ आणि लार्जमाउथ. स्मॉलमाउथ हवा असेल तर दगडगोट्यांची टोकं बघा, जमिनीचं नाक पाण्यात घुसलेलं असतं ना, ती. आणि त्यातही जिथे हे नाक त्या थर्मोक्लाइनच्या खोलीला टेकतं ती जागा. लार्जमाउथ मात्र आतल्या खाड्यांमध्ये, बुडालेल्या झाडांपाशी जास्त.

इथले काठ इतके सरळ उतरतात की काठापासून जरा सरकलात की खाली ५० फूट पाणी. बोट मध्ये उभी करून काठाकडे टाकलं तर आमिष कामाच्या खोलीत दोन सेकंद असतं आणि लगेच खाली जातं. म्हणून बोट काठाला लावून घ्या आणि काठाला समांतर टाका, म्हणजे आमिष पूर्ण वेळ त्याच खोलीत चालतं. मला हे कळायला दोन सीझन लागले, कोणी सांगितलंच नाही.

रिग, म्हणजे गळ आणि शिशाची मांडणी, म्हणाल तर ड्रॉप शॉट. शिसं सगळ्यात खाली, त्याच्या वर फूट-दीड फुटावर गळ, गळाला छोटं प्लॅस्टिकचं आमिष. शिसं तळाला टेकू द्या आणि रॉडचं टोक नुसतं थरथरवा, ओढू नका. पाणी स्वच्छ असतं, म्हणून ६ ते ८ पौंड ताण सोसणारी फ्लुरोकार्बन लाईन, ती पाण्यात कमी दिसते, जाड लाईन बास लांबूनच बघतो.

स्टेप ४: वॉलआयसाठी घड्याळ बदला. याच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, अंधुक उजेडात त्याला छान दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. म्हणून भर दुपारी त्याच्यामागे लागू नका. सूर्य डोंगराआड गेल्यापासून अंधार पडेपर्यंत, किंवा ढगाळ वाऱ्याच्या दिवशी जेव्हा पाण्यावर लाटा असतात तेव्हा. बॉटम बाउन्सरच्या, म्हणजे तळाला टेकत जाणाऱ्या तारेच्या शिशाच्या, मागे अख्खं गांडूळ लावा, बोट ताशी मैलभर इतकी हळू, आणि एकच खोली धरून उताराच्या कडेने जात राहा. ओढ हिसक्यासारखी नसते, लाईन जड झाल्यासारखी वाटते, गवत अडकलं की काय असं. तेव्हा दोन सेकंद द्या मग रॉड उचला.

अंधारात थांबणार असाल तर बोटीचे दिवे चालू पाहिजेत आणि लाइफ जॅकेट अंगावर, सीटखाली नाही. आणि उन्हाळ्याच्या वीकेंडला सेव्हन पॉइंट्स या बोटींच्या धक्क्याच्या बाजूला हाउसबोटी आणि जेट स्कींचा नुसता गोंधळ असतो, जमलं तर सुट्टी टाकून मंगळवार-बुधवारी जा.

स्टेप ५: सोडायचा की न्यायचा. ३० फुटांच्या खालून पटकन वर आणलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, सोडला तरी तो उलटा तरंगत राहतो. म्हणून तेवढ्या खोलीवर लहान-लहानच लागत असतील तर जागा सोडा. मोठे बास आम्ही सोडतोच. खायला वॉलआय, आणि तोही मध्यम आकाराचा. नदी-तळ्यात पकडलेला मासा आठवड्याला एकदाच, साधारण अर्धा पौंड, असा तिथला सरकारी सल्ला आहे. मांस पांढरं, गोडसर, फिले नीट काढला तर काटा जवळजवळ लागत नाही. आमच्याकडे आलं-लसूण, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवतात आणि मग रव्यात घोळवून तव्यावर, फक्त सुरमईपेक्षा नाजूक असतो म्हणून एकदाच उलटायचा.